जग संपणार होतं त्या दिवशी तू मोरपंखी साडी का नेसलीस, आत्या?

आत्या, आधी एवढंच सांग. तिथे पोचल्या पोचल्या तुला तारीख सांगितली का?

सांगितली असेल तर मी तुझ्यावर जळणार आहे. आधीच जळतेय. अख्खी शाळा, अख्खं संडे स्कूल मी तुझ्या मागे लागले होते, जग कधी संपणार, नक्की कधी, अंदाजे तरी सांग ना. आणि तुझं दर वेळी तेच, "कुणाला माहीत नाही शॅरू. प्रभूने स्वतः सांगून ठेवलंय, त्यालासुद्धा माहीत नाही, फक्त त्याच्या बापाला माहीत आहे." आणि आता तू सरळ त्या बापाच्याच घरी जाऊन बसलीस. मला न घेता. हे चीटिंग आहे.

आपल्या चर्चच्या, मंडळीच्या नाताळ अंकासाठी यूथवाल्यांनी सांगितलं, शॅरन, तू तुझ्या आत्याबद्दल लिही, तू पटापट टाइप करतेस. केलं पटापट. जन्म, नोकरी, एसटीतली सेवा, संडे स्कूलमधली सेवा, सगळं लिहिलं आणि सगळं पुसलं. ते पाळकसाहेब दफनाच्या वेळी बोलले की, आणि बरंच छान बोलले. मला तुझ्याशी बोलायचंय. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू देत. मला एकच गोष्ट हवी होती तुझ्याकडून, तिचं उत्तर न देता तू गेलीस, आणि ते उत्तर मला कुणाकडून मिळालं माहितीये? सलोमीकडून. सलोमीकडून, आत्या! सगळ्या जगात तुला तीच सापडली.

थांब, नीट सांगते, नाहीतर अंक वाचणाऱ्यांना काही कळणार नाही.

आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी एक तारीख येतेच. कधी व्हॉट्सअॅपवर, कधी कुणाच्या स्वप्नात, कधी चंद्र लाल झाला म्हणून. आणि मी दर वेळी पहिली. दहावीत मी इतिहासाचं पुस्तक उघडलंच नव्हतं, कारण परीक्षेच्या आधीच प्रभू येणार होता, व्हिडिओत तसं स्पष्ट सांगितलं होतं. तू ड्यूटीवरून आलीस, खाकी कपडे तसेच, खांद्याला ती तिकिटांच्या मशीनची पिशवी, आणि दारातूनच म्हणालीस, "काय गं, पुस्तक कुठंय?"

"आत्या, आता काय उपयोग?"

"प्रभू आला तर मार्कशीट बघणार नाही. पण नाही आला तर तुझा बाप बघेल."

पप्पा आतून हसले होते. मला एवढा राग आला होता ना. मी म्हटलं, तुझा विश्वासच नाही. मग चहा पिता पिता म्हणालीस, "अगं, द्वारका चौकात गाडीत चढल्या चढल्या रोज लोक मला विचारतात, बाई, सिन्नर कधी येणार? मी सांगते, पिशवी पायाजवळ ठेवा, आलं की उतरा. पण काही लोकांना ना, खिडकीतून डोकं बाहेर काढल्याशिवाय चैनच पडत नाही." मग माझ्याकडे बघितलंस. डोकं बाहेर काढणारी मी.

संडे स्कूलमध्ये पण तू बसमध्येच असायचीस. "पुढे सरका, मागच्यांना बसू द्या." आमच्या अख्ख्या बॅचला वाटायचं स्वर्गात पण अशीच कुणीतरी बाई उभी असेल, पुढे सरका म्हणत. आता आहे खरंच.

आता मागच्या वर्षीचं.

बाहेरून ते पाहुणे उपदेशक आले होते. नाव लिहीत नाही, तू ओरडशील. आपल्या मंडळीत नव्हते आले, हॉल घेतला होता त्यांनी, पण गेले सगळेच. आणि काय बोलायचे गं ते! स्क्रीनवर आकडे, गुणाकार, कुठल्या राजाची कारकीर्द, कुठलं युद्ध, सगळं जुळत जुळत येऊन एका दिवसावर थांबलं. नाताळच्या थोडं आधीचा दिवस. मला लिटरली काटा आला. मी परत येऊन तुला सगळं पाठ म्हणून दाखवलं. तू शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "प्रभूला माहीत नाही म्हणतो तो स्वतः. मग या भाऊंना कुणी सांगितलं?"

"त्यांनी अभ्यास केलाय आत्या."

"बरं. मग खोबरं किती आणू?"

कारण नाताळच्या फराळाचे दिवस होते ना. आपल्या शरणपूर रोडच्या बाजूला पद्धतच आहे, आज हिच्या घरी करंज्या, उद्या तिच्या घरी, सगळ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन फिरायच्या, आणि सुरुवात तुझ्या घरून व्हायची. पण मागच्या वर्षी काय झालं? अर्ध्या बायकांनी खोबरंच आणलं नाही. प्रभूच येणार तर करंज्या खाणार कोण! दीनामावशीने तर मैदा परत दुकानात दिला. मी पण आईला म्हटलं, नको घालूस घाट. म्हणजे अख्ख्या नाशिकात जगाच्या शेवटाची तयारी म्हणून मैदा परत करणारे आपणच असू.

आणि तो दिवस. मी तो दिवस मिनिटामिनिटाने सांगू शकते पण सांगत नाही. पप्पा-आई कामावर. त्यांना तारीख-बिरीख मान्य नव्हती, पण सकाळी आईने मला उगाच मिठी मारली होती, बाहेर जाताना. मी घरी एकटी. ट्रॅकपँट, जुना हुडी, हातात मोबाइल, त्या उपदेशकांचं लाइव्ह चालू, कॉमेंट धडाधड वर सरकतायत, आमेन, आमेन, ये प्रभू ये. मी पण टाकत होते. ज्याला त्याला फॉरवर्ड करत होते. आणि तुझा फोन आला.

"शॅरू, कातणं सापडत नाहीये गं माझं. तुमचं घेऊन ये."

कातणं! करंजीची कड कापायचं ते छोटं दात्यांचं चाक! मी म्हटलं, "आत्या, आज? आज कातणं?"

"करंज्यांच्या पाऱ्या लाटून ठेवल्यात, सुकून जातील. पटकन ये."

मी चिडत चिडत आले. हुडीच्या खिशात कातणं. आणि तुझ्या दारात पोचले तर तू मोरपंखी साडीत.

सिल्कची. काठ सोनेरी. जी माझ्या दृढीकरणाला, कन्फर्मेशनला घेतली होतीस आणि त्यानंतर फक्त नाताळच्या उपासनेला नेसायचीस. केसात गजरा. रजा टाकलेली. तू, जी त्या आकड्यांना हसलीस, जी म्हणालीस या भाऊंना कुणी सांगितलं, ती तू नटून थटून बसली होतीस! मला वाटलं, हिला माहितीये. हिला आतून कळलंय की आजच आहे, आणि हिने मला सांगितलं नाही.

आणि तेवढ्यात आतून सलोमी आली. तुझ्या वांगी रंगाच्या साडीत.

ती साडी माझी होती आत्या. तूच म्हणाली होतीस, शॅरूला कॉलेज संपलं की देणार. आणि ती नेसून उभी कोण? तुझ्या बसमधली मुलगी. पेठ तालुक्यातल्या गावातून आलेली, सिन्नरला कंपनीत पॅकिंग करते, रोज पास काढून तुझ्याच गाडीने जायची, गर्दी असली की तू तिला तुझ्या सीटवर बसवायचीस. मग तू तिला मंडळीत आणलंस, मग तुझ्या गल्लीतच खोली बघून दिलीस, मग दर रविवारी ती तुझ्या शेजारी, जिथे मी बसायचे. मी म्हणाले होते ना तुला, ही चिकटतेय. तू म्हणालीस, "तू पण चिकटच."

तर असं दृश्य होतं. जगाचा शेवट, तुम्ही दोघी सिल्कमध्ये, आणि मी ट्रॅकपँटमध्ये, हातात कातणं.

"उभी काय राहिलीस, बस, काप," तू म्हणालीस. तासनतास मी कापत होते. तू सारण भरत होतीस, सलोमी तळत होती, आणि तोंडाने तुझे बसमधले किस्से. तो माणूस ज्याने कोंबडीचं हाफ तिकीट मागितलं होतं. ती म्हातारी जिला सिन्नर आलं तरी उतरायचं नव्हतं, कारण गाडीत पंखा होता. मी हसत नव्हते, मुद्दाम. मग हसले. मोबाइल कुठे पडला होता कुणास ठाऊक. संध्याकाळ झाली, घंटा वाजली मंडळीची, नेहमीचीच, आणि काहीच झालं नाही. कुणीच आकाशात उचललं गेलं नाही. खाली कुणीतरी स्कूटर सुरू होत नाही म्हणून शिव्या देत होतं.

मग तू म्हणालीस, "चल, फोटो काढ आमचा."

काढला. मीच काढला म्हणून मी त्यात नाही.

त्याच दिवशी मी विचारलं होतं, जाताना, चपला घालताना. "आत्या, खरं सांग. तू साडी का नेसलीस? तुला पण वाटत होतं ना आज येणार?"

"सांगेन."

"आत्ता सांग."

"घाई काय आहे शॅरू, जग थोडंच संपतंय."

असं म्हणून तू केवढी हसलीस! मग वर्षभर मी विचारत राहिले. ईस्टरला विचारलं. तुझ्या वाढदिवसाला विचारलं. तू दर वेळी तेच, घाई काय. मला ते खरंच कळायला हवं होतं आत्या, गंमत नव्हती ती. कारण तू मनातून त्या तारखेला मानत असशील तर संडे स्कूलमध्ये मला जे शिकवलंस ते सगळं काय होतं मग? आणि मानत नसशील तर ती साडी कुणासाठी? आणि नसेलच काही मोठं कारण, तर मला एकटीलाच का नाही नटवलंस, मला का कामाला बसवलंस?

आणि मग असंच एक दिवस सिन्नर डेपोत ड्यूटी संपवून चहा घेतलास आणि बाकावर टेकलीस ती टेकलीसच. ना तारीख ना वार. कुणीच आकडे मांडले नव्हते.

त्यानंतरचं काय सांगू. तुझा फोटो हवा होता मंडळीत ठेवायला. सगळ्यांनी मोबाइल धुंडाळले, तू कुठल्याच फोटोत सरळ बघत नाहीस, सगळीकडे कुणाला तरी पुढे सरका म्हणतेयस. एकच फोटो चांगला निघाला. तो. मोरपंखी साडीतला. फोटोवाल्याने कापून मोठा केला, फ्रेम केली, फुलं वाहिली, आणि डाव्या कडेला एक वांगी रंगाचा तुकडा तसाच राहिला. सलोमीचा खांदा. लोक रडत होते आणि मी तिथे बसून त्या खांद्याकडे बघत होते. तुझ्या शेवटच्या फोटोत पण तीच.

मला लाज वाटत नाही हे लिहायला. कबरीवर माती टाकताना पण मी बघत होते की ती माझ्या आधी टाकते का. नाही टाकली. सगळ्यात शेवटी आली, मूठभर टाकली, आणि उभी राहिली. तिला कुणी घरी नेलं नाही. मी पण नाही.

मग मागच्या शनिवारी आईने मला तुझ्या घरी पाठवलं, डबे रिकामे कर म्हणून. रवा-मैद्याला पोरकिडे लागतील. या वर्षी आपल्या घरात फराळ नाही, असं आईने ठरवूनच टाकलंय. मी गेले तर दार उघडं. सलोमी आत, लादी पुसत. तिच्याकडे किल्ली! तू असताना आमच्याकडे नाही दिलीस कधी.

"तुझ्याकडे किल्ली कशी?"

"आत्यांनीच दिलेली. उशीर झाला ड्यूटीला तर झाडांना पाणी टाक म्हणून."

"बरं. आता राहू दे, मी बघते."

"हो ताई." पण गेली नाही. पुसत राहिली. मी आपटून आपटून डबे काढत होते. मग ओट्याखालचा ड्रॉवर ओढला, चमचे-झारे उचलले आणि खाली कातणं. आणि त्याच्या शेजारी अजून एक कातणं.

एक आमचं, लाल मुठीचं, त्या दिवशी आणलेलं, परत न्यायचं राहिलेलं. आणि दुसरं तुझं, पितळी. हरवलेलं.

"हे कधी सापडलं?" मी विचारलं.

सलोमीने वाकून बघितलं. "ते? ते हरवलंच कवा?"

"अगं, त्या दिवशी. म्हणून तर मला बोलावलं ना."

आणि सलोमी हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. हसता हसता फडक्यानेच डोळे पुसले. "ताई, तुमाला नाय सांगितलं त्यांनी? त्यांनी माझ्यासमोर ते मैद्याच्या डब्यात खुपसलं. पार कोपरापर्यंत हात घालून. मी म्हणलं, आत्या, काय करताय? तर म्हणल्या, आता शॅरूला फोन लावते. एकटी बसली असंल मोबाइल घेऊन. नुसतं ये म्हणलं तर यायची नाय, म्हणंल मी कुठं घाबरले."

मी तशीच बसले लादीवर. ओल्या.

"मी घाबरले नव्हते," मी म्हटलं.

"हो ताई."

"मी तर सगळ्यांना सांगत होते, तयार राहा, तयार राहा."

"आत्या म्हणायच्या, शॅरू जितकी मोठ्यानं बोलते तितकी घाबरलेली असती."

हे तू कधीच मला नाही म्हणालीस आत्या. माझ्याबद्दलची सगळ्यात खरी गोष्ट तू तिला सांगून ठेवलीस. परत जळले मी, पण नीट जळता येईना, रडू येत होतं. मी विचारलं, "आणि साडी? साडी का नेसली मग?"

"ती माझ्यापायी." सलोमी खाली मान घालून म्हणाली. "मी पहाटेपासून रडत होते. कामाला पण नाय गेले. मला वाटायचं, आई तिकडं गावाला, मी इकडं. प्रभू येऊन नेऊ लागला तर आमची गाठ पडंल का? का आई एका रांगेत नि मी एका? आत्यांनी रजा टाकली. म्हणल्या, ऊठ, तोंड धू. कपाट उघडलं, म्हणल्या, घे, सगळ्यात चांगली नेस, मी पण नेसते. तो आला तर पाहुणाच हाय आपला. नाय आला तर फोटो काढू."

"पण आत्याला काय वाटत होतं? येणार होता का त्या दिवशी?"

"मी विचारलेलं की. तर म्हणल्या, आज पण येईल, उद्या पण येईल, आपल्याला काय माहीत. तू आधी खोबरं हलव, खाली लागतंय."

एवढंच. वर्षभर मी जे मागत होते ते एवढंच होतं. तू तारखेला हसलीस, त्याच्या येण्याला कधीच नाही. मला वाटायचं या दोन्हीतलं एकच काहीतरी खरं असू शकतं. आणि साडी ना प्रभूसाठी होती ना त्या तारखेसाठी. एका घाबरलेल्या मुलीला साडी दिलीस आणि दुसऱ्या घाबरलेल्या मुलीला काम दिलंस. तिला नटवलंस कारण ती गप्प बसून रडते. मला कापायला बसवलंस कारण माझे हात मोकळे राहिले तर मी अख्ख्या नाशिकला फॉरवर्ड करते. मला वाटत होतं तू एकट्या सलोमीला बोलावलं होतंस आणि मी नुसती कातणं घेऊन आले होते.

म्हणून तू मला सांगत नव्हतीस का गं? मला कळलं असतं की तू माझी भीती ओळखलीस, तर मी तुझ्याशी भांडलेच असते. भांडायला हवं होतं मला. थँक्यू पण म्हणायला हवं होतं. दोन्ही राहिलं.

तरी जळतेच मी. खोटं कशाला बोलू? सलोमीवर थोडी कमी, तिच्यावर अजून साडीपुरती. तुझ्यावर जास्त. तुला आता काही विचारावं लागत नाही, वाट बघावी लागत नाही, खिडकीतून डोकं काढावं लागत नाही. आणि प्रभूवर पण. रागावू नकोस. त्याच्याकडे केवढी माणसं आहेत आधीपासून, आणि आमच्याकडे आत्या एकच होती.

हे टाइप करतेय आणि वरून एक मेसेज आला. नवीन तारीख. याच नाताळच्या आधीची, परत, वेगळे आकडे, वेगळा भाऊ, लाल अक्षरात. पाठवणारी दीनामावशी. खाली लिहिलंय, लगेच सगळ्यांना पाठवा. अंगठा गेलाच होता माझा त्या बाणावर, सवयीने. मग बघितलं, यूथच्या ग्रुपवर पण आलाय तो, आणि सलोमी ऑनलाइन दिसतेय. वाचलाच असणार तिने, आणि ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. ती गप्प बसून रडते.

मी उठले. आईला म्हटलं, फराळ करायचाय, या वर्षी आपल्या घरून सुरुवात. आई म्हणाली, "वेडी आहेस का, घरात दुःख आहे." पप्पा तुझं नाव घेऊन पेपरमागून म्हणाले, "एस्तेरने ऐकलं असतं का तुझं?" आई आत गेली. थोड्या वेळाने आतून डबा उघडल्याचा आवाज आला.

मग फोन लावला. शनिवारी तुझ्या घरून आणलेलं आमचं लाल मुठीचं कातणं माझ्या मुठीत होतं, एवढं घट्ट की तळव्यावर दाते उठले होते.

"सलोमी, ऐक ना, आमचं कातणं सापडत नाहीये गं. तू आत्याचं घेऊन ये ना. आणि चांगली साडी नेसून ये. ती वांगीच नेस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली,

"ताई, मैद्याच्या डब्यात बघितलं का?"

आणि मग, "येते."